पंप लपवू नका, नोंदवा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत श्वसनविकार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उडी घेणारी एक पिढी आपल्या खानदेशात होऊन गेली. आज त्यांची नातवंडे पहाटे जलतरण तलावावर जातात आणि पुण्याच्या बालेवाडीतील स्पर्धेपर्यंत पोहोचण्याचे स्वप्न पाहतात. यांपैकी काही मुलांना दमा असतो. त्यांचे पालक आमच्यासमोर बसले की दोन गोष्टी हळू आवाजात सांगतात : ‘पंप नको, सवय लागेल, गोळी द्या’ आणि ‘प्रशिक्षकांना कळू देऊ नका’. आज आम्ही या दोन वाक्यांविषयीच बोलणार आहोत.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये रिक डिमाँट या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदक जिंकले. त्याला लहानपणापासून दमा होता. दम्यासाठी तो घेत असलेल्या औषधात एफेड्रिन हा निषिद्ध घटक आढळला आणि त्याचे पदक काढून घेण्यात आले. त्याने आपले औषध आधीच लेखी कळवले होते. परंतु त्याच्या संघाच्या वैद्यकीय पथकाने ती माहिती योग्य ठिकाणी पोहोचवलीच नाही. पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत हेच अंतर चार मिनिटांच्या आत पोहणारा तो पहिला जलतरणपटू ठरला. २००१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने आपल्या बाजूची चूक मान्य केली. पदक मात्र परत मिळाले नाही. मुलाची काहीही चूक नव्हती. चूक मोठ्या माणसांच्या कागदपत्रांत होती.

आता गोळी आणि पंप यांतील फरक पाहू. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारणतः १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाऊन काही मिनिटांत गुण देते. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच औषधाचे ४००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके औषध असते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते. हात कापतात, छाती धडधडते. उत्तेजकविरोधी नियमही हाच भेद मानतात. सालब्युटामॉलच्या पंपाला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे : आठ तासांत ६०० आणि चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र निषिद्ध आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी स्पर्धाकाळात चालत नाही; श्वासावाटे नेहमीच्या मात्रेत घेतलेले स्टेरॉइड चालते. दम्यासाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या सोमलतेतही एफेड्रिन असते, हे चूर्ण देणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे. म्हणजे पालक ज्याला भितात तो पंप नियमात बसतो आणि ज्याला सौम्य समजतात ती गोळी मुलाला स्पर्धेबाहेर काढू शकते. मूल अल्पवयीन असले तरी नियम तेच.

ही मर्यादा नियमाची आहे, उपचाराची नव्हे. आठवड्यातून दोनदाहून अधिक वेळा आराम देणारा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. अशा मुलाला श्वासनलिकेची सूज कमी करणारा प्रतिबंधक पंप नियमित द्यावा लागतो. त्याची सवय लागत नाही; तो अर्ध्यावर सोडला की दमा परत येतो, इतकेच. आणि झटका आलाच, तर नियमाचा विचार नंतर, जीव आधी. तातडीच्या उपचारासाठी नंतरही सूट मागता येते.

मग पोहणे बंद करावे काय? मुळीच नाही. तलावावरची उबदार, दमट हवा दमेकऱ्याला मानवते. अमेरिकेच्या अ‍ॅमी व्हॅन डायकनला दम्यामुळेच बालपणी पोहण्याचा सल्ला मिळाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिने चार सुवर्णपदके मिळवली. मात्र क्लोरीन घाम व मूत्राशी मिसळला की त्याचे त्रासदायक वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतात आणि तासन्‌तास सराव करणारा मुलगा तीच हवा ओढतो. म्हणून तलावात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वच्छ अंघोळ करणे हा केवळ शिष्टाचार नसून औषधच आहे.

पालकांना आमची विनंती एवढीच : मुलाची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या. फवाऱ्याआधी आणि नंतर फुंकरीत किती फरक पडतो, ते त्यात आकड्यांत कळते. औषधाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून घ्या. एक प्रत घरी, एक प्रशिक्षकांकडे आणि एक पोहण्याच्या पिशवीत पंपाशेजारी ठेवा. दुसऱ्या मुलाचा पंप वापरू नका, आपला देऊ नका. मुलगी असेल तर ‘उद्या लग्नाचे कसे?’ म्हणून आजार दडवू नका. दडवलेला दमा पाण्यात सर्वांत धोक्याचा, कारण तिथे मदतीला येणाऱ्यालाच कारण ठाऊक नसते.

देणगीदारहो, तपासणीचे यंत्र, स्पेसरची नळी आणि पंप धरायला शिकवणारी परिचारिका यांसाठी आपण दिलेला रुपया अशा मुलांच्या श्वासात उतरतो. डिमाँटच्या बाबतीत मोठी माणसे जिथे कमी पडली, तिथे आपण कमी पडू नये, हीच प्रार्थना.