मांजराची कावीळ : घरची निगा



रावेर भागात धान्याच्या कोठीवर उंदरांचा बंदोबस्त करणारे मांजर दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावत नसेल, तर दुर्लक्ष करू नका. उपाशीपोटी अंगातील चरबी यकृतात साठते व कावीळ होते; लठ्ठ मांजरास धोका अधिक. हिरड्या, कानांची आतील बाजू पिवळी दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

घरी डॉक्टरांच्या सल्ल्याने उकडलेले, बिनमसाल्याचे कोंबडीचे मांस कोमट करून थोडे थोडे, दिवसातून ५-६ वेळा द्या. नुसत्या दुधावर ठेवू नका. स्वतः खात नसल्यास नळीतून पातळ आहार द्यावा लागतो. पॅरासिटामॉल मांजरास विषच आहे. बुरशी लागलेल्या मक्याची भाकरीही टाळा. त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृतावरच घाला घालते.

वेळीच पोटात अन्न गेले, तर पुष्कळ मांजरे वाचतात.