ढगावरची वीज



आश्विनातली दुपार. पालघर-बोईसरकडे भातकापणी चाललेली असते. डोंगराकडून काळे ढग येतात. वीज कडाडते. ती आपल्याला ढगाखालून दिसते. पण ढगाच्या वर काय घडतं?

ते पाहायला २०१८ साली ‘असिम’ नावाचं यंत्र अंतराळ स्थानकावर बसवलं. हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. मोठी वीज कडाडली, की तिचा धक्का वर जातो. सुमारे ९० किलोमीटर उंचीवर उजेडाचं कडं उमटतं. पाण्यात खडा टाकल्यावर लाट पसरते ना, तसं ते पसरतं. त्यात जांभळ्यापलीकडचा, म्हणजे अतिनील प्रकाश असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. सेकंदाचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागात सारा खेळ संपतो!

इतकी चपळ ही वीज. ती पाहून पळू म्हणाल, तर जमणार नाही. पहिला गडगडाट ऐकताच विळा ठेवा. ताडाखाली थांबू नका. पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. पुण्याच्या हवामान-शास्त्रज्ञांचं ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देतं. तेही घ्या.

भात उद्या कापता येईल. गेलेला माणूस परत येत नाही.