रुग्णाचे उत्तर आणि रोगाची चाहूल

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, आणि दुसरा क्रोन्स रोग. दोन्ही रोग कित्येक महिने शांत राहतात आणि मग पुन्हा उफाळतात. हा उफाळा आरंभीच ओळखला, तर औषधोपचारात वेळीच बदल करता येतो. विलंब झाल्यास रक्तक्षय, क्षीणता आणि प्रसंगी शस्त्रक्रिया रुग्णाच्या वाट्यास येते. परंतु दुर्बिणीने आतड्याची तपासणी वारंवार करणे शक्य नसते. म्हणून रुग्णालाच नेमके प्रश्न विचारून रोगाची चाहूल घेण्याचा मार्ग अवलंबिला गेला.

या प्रयत्नांना मोठा इतिहास आहे. 1955 साली इंग्लंडमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसवर कॉर्टिझोनचा उपयोग पारखताना रोगाची तीव्रता ठरविण्याचे निकष मांडले. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप, जलद नाडी किंवा रक्तक्षय ही तीव्र रोगाची लक्षणे मानली गेली. 1976 साली अमेरिकेत क्रोन्स रोगासाठी आठ बाबींचा निर्देशांक तयार झाला. त्यात रुग्णाला सात दिवस टिपण ठेवावे लागे आणि गुणांचे गणितही किचकट होते. 1980 साली हार्वे आणि ब्रॅडशॉ यांनी एकाच दिवसाच्या माहितीवर आधारलेल्या पाच सोप्या बाबी सुचविल्या. 1998 साली कोलायटिससाठी आलेल्या साध्या निर्देशांकात रात्री शौचास उठावे लागणे आणि शौचाची घाई यांनाही स्थान मिळाले.

प्रश्नावली टेबलाशी बसून रचता येत नाही. प्रथम रुग्णांकडूनच त्रासाचे वर्णन ऐकावे लागते. मग प्रश्न निवडून, ते त्यांना कसे कळतात हे तपासावे लागते. शेवटी उत्तरांची तुलना दुर्बिणीत दिसणाऱ्या दाहाशी, किंवा शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या प्रमाणाशी केली जाते. गुणांची मर्यादा कोठे आखावी, हाच खरा पेच असतो. ती फार खाली ठेवली, तर निरोगी अवस्थेतही इशारा मिळून अकारण औषधे दिली जाण्याचा संभव असतो. फार वर ठेवली, तर खरा उफाळा निसटतो.

या साधनाला मर्यादाही आहे. क्रोन्स रोगात लक्षणे आणि आतील दाह यांचा मेळ नेहमी बसत नाही. पोट दुखत असूनही दाह नसतो. उलट काही वेळा रुग्णास बरे वाटत असतानाही आतडे धुमसत असते. शिवाय जंतुसंसर्गानेही तशीच लक्षणे उद्भवतात. भारतात आतड्याचा क्षय क्रोन्स रोगाशी, तर अमीबाजन्य अतिसार कोलायटिसशी सहज गल्लत करावयास लावतो. म्हणून प्रश्नावली हा निवाडा नव्हे. पुढील तपासणी केव्हा करावी, याची ती सूचना होय.

मराठी रुग्णांसाठी अशी प्रश्नावली आणावयाची, तर केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नाही. 'आंव पडते' असे म्हणणारा रुग्ण रक्ताचा उल्लेख करीलच असे नाही. रक्ताविषयी त्याला वेगळे विचारावे लागते. 'मुरडा येतो' या शब्दांत कळ आणि घाई दोन्ही सामावलेल्या असू शकतात. 'शौचास लागल्यावर किती वेळ धीर धरता येतो?' हा प्रश्न 'घाई होते काय?' या प्रश्नापेक्षा अधिक स्पष्ट उत्तर देतो. रात्री अंधारात घराबाहेर जावे लागणारी स्त्री संकोचाने हा त्रास सांगत नाही, विचारल्यासच सांगते.

तेव्हा प्रश्न साधा, नेमका आणि संकोच दूर करणारा असावा. त्याला मिळणारे प्रामाणिक उत्तर हे वैद्याच्या हाती लागणारे पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन आहे.