अर्जामागचे दप्तर



दुर्गाबाई देशमुख नियोजन आयोगाच्या सदस्या असताना पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि ती रक्कम प्रत्यक्ष समाजकार्य जाणणाऱ्यांच्या विचाराने वाटली जावी म्हणून ऑगस्ट १९५३ मध्ये दिल्लीत केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. ते मंडळ २०२२ साली बंद झाले; मात्र अनुदानाच्या आशेने दिल्लीकडे पाहणाऱ्या संस्था आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातील कार्यकर्त्यांशीच मला आज बोलावयाचे आहे.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी शाळा वा वसतिगृह चालविणाऱ्या संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ‘श्रेष्ठ’ योजनेचे नियम पाहावेत. तिचे अर्ज ‘ई-अनुदान’ या संकेतस्थळावर करावयाचे असतात. सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीसाठी गुरुग्राम-नोएडातील कंपन्यांकडे जाणाऱ्यांनी कंपनी कायद्याचे सातवे परिशिष्ट अवश्य वाचावे, कारण सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांची विषमता कमी करणे हे कार्य त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे, आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. त्यासाठी संस्थेने ‘सीएसआर-१’ नोंदणी आधीच करून ठेवावी.

आता अर्जाविषयी. समजा, दिल्लीच्या नंदनगरीतील एखादे महिला मंडळ गटारे साफ करणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग चालविते. अर्जात ‘वंचितांचे सर्वांगीण उत्थान’ असे लिहिले, तर ते वाक्य कितीही कळकळीचे असले तरी छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यास त्यावरून काहीच ठरविता येत नाही. त्याच मंडळाच्या नोंदवहीत मुलाचे नाव, शाळा, इयत्ता, वडिलांचे काम, जातीच्या दाखल्याचा क्रमांक आणि महिन्यातील हजेरी असे रकाने रोजच्या रोज भरलेले असतील, तर त्या नोंदवहीच्या चार पानांतूनच अर्जाचा निम्मा मजकूर उभा राहतो. म्हणून नोंदवही आज सुरू करावी; अनुदानाची जाहिरात निघाल्यावर ती घाईने लिहिली, की एकाच शाईतील एकसारखी अक्षरे पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानी येतात.

अंदाजपत्रकात शिकविणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन संकोच न करता मांडावे. खर्च कमी दिसावा म्हणून तिला नाममात्र रकमेवर राबविणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि न्यायासाठी झटणाऱ्यांनी आपल्याच माणसावर असा अन्याय करावा याचे मला मनापासून दुःख होते.

सरकारी अनुदान हाती आल्यावर आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्या पैशातून घेतलेले बाक, फळे, कपाटे यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि पूर्वपरवानगीवाचून त्यांपैकी काहीही विकू नये.

परदेशी देणगीचा मार्ग अधिक बिकट आहे. त्याकरिता गृहमंत्रालयाची नोंदणी हवी. त्यासंबंधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, तिच्यातील वीस टक्क्यांहून अधिक भाग प्रशासकीय खर्चास वापरता येत नाही, आणि ती दुसऱ्या संस्थेस वर्गही करता येत नाही. दिल्लीबाहेरील संस्थांनी मात्र या खात्यासाठी प्रवासखर्च करू नये. आपल्या गावच्या स्टेट बँकेतूनही ते उघडता येते.