विहिरीची ऊब

थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, उन्हाळ्यात गार. पाणी तेच, बदलते ती बाहेरची हवा. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं.

स्वीडनला लेकीकडे गेलो, तर अंगणात दीडशे मीटर खोल बोअर! नळीतून फिरणारं पाणी-अल्कोहोलचं मिश्रण जमिनीतली ऊब वर आणतं. हीट पंप ती वाढवून घर तापवतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

परतल्यावर सोलापूरच्या घरासाठी कर्ज काढायलाच निघालो होतो. पण आपल्याला हवा गारवा. इथली जमीन मुळात उबदार. तिच्यात घरातली उष्णता नुसती सोडतच राहिलो, तर वर्षागणिक तीही तापणार. बेत सोडला. आधी गच्चीला पांढरा चुना दिला.