इंग्रजी उताऱ्याचे आकलन : विद्यार्थ्यांशी हितगुज

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी मला 'बारावीनंतरच्या संधी' या विषयावर बोलण्याची विनंती केली होती. संधींची यादी तुम्हाला कोठेही मिळेल. परंतु त्या संधीचा कागद हाती आल्यावर तो वाचता आला पाहिजे. म्हणून मी विषय बदलून मागितला. अकरावी-बारावीच्या मुलांनी इंग्रजी उतारा कसा वाचावा, एवढ्याच साध्या गोष्टीवर मी आज बोलणार आहे. विषय लहान आहे, पण त्यापायी एका मुलीचे कसे नुकसान झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. बारावीला तिला इंग्रजीत चांगले गुण होते. तिला एक शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण दुसऱ्या वर्षी पैसे आले नाहीत. चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले की, तुम्ही नव्याने अर्ज केला नाही. ती म्हणाली, "सर, पत्रात तर स्पष्ट लिहिले आहे की पुन्हा अर्ज करण्याची गरज नाही." मी पत्र पाहिले. वाक्य असे होते : 'यू नीड नॉट अप्लाय अगेन अनलेस यू हॅव चेंज्ड युवर कॉलेज.' आणि त्याच वर्षी तिने कॉलेज बदलले होते.

मी विचारले, "बाळ, यातला कोणता शब्द अडला?" ती म्हणाली, "एकही नाही." 'अनलेस'चा अर्थ तिला पाठ होता. पण 'नीड नॉट अप्लाय' इथे तिचे मन थांबले. पुढचे अर्धे वाक्य डोळ्यांखालून गेले, मनात उतरले नाही. त्या अर्ध्या वाक्यात तिच्या वर्षभराची फी होती. ते वर्ष तिच्या वडिलांनी उसनवारी करून काढले.

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या मुलीला दोन वर्षे इंग्रजी मीच शिकवले होते.

आम्ही काय शिकवत होतो, ते तुम्हाला एका खेळातून दाखवतो. हे वाक्य ऐका : 'चिंबूने सकाळी गडफणातली तिरोळी झिपकवली, कारण तिला बुरके लागले होते.' आता उत्तरे द्या. चिंबूने काय झिपकवली? तिरोळी! कोठली तिरोळी? गडफणातली! केव्हा झिपकवली? सकाळी! का झिपकवली? कारण तिला बुरके लागले होते! शाब्बास, सर्वांना पैकीच्या पैकी गुण. आता मला एवढेच सांगा, चिंबूने केले तरी काय? आणि बुरके लागले होते ते चिंबूला की तिरोळीला?

सभागृह हसते आहे, आणि मीही हसतो. परंतु वर्षानुवर्षे वर्गात हेच चालले आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचे वाक्य उतरवायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचे. याला आम्ही 'उतारा सोडवणे' म्हणत आलो. यात वाचन नसते, शब्दांची जुळवाजुळव असते. ही जुळवाजुळव मीही शिकवली, कारण तिने गुण मिळत होते. याची कबुली आज तुमच्यासमोर देतो.

परंतु आता गुणांसाठीसुद्धा ती पुरत नाही. 2020 साली बारावीला इंग्रजीचे नवे 'युवकभारती' पाठ्यपुस्तक आले. त्या आराखड्यात लेखी परीक्षा 80 गुणांची आणि तोंडी व अंतर्गत काम 20 गुणांचे. गद्य विभागात पाठ्यपुस्तकातला एक उतारा आणि बाहेरचा, पूर्वी न वाचलेला एक उतारा, प्रत्येकी 12 गुणांचा. त्यावरील कृती पाहा. एखादीचे उत्तर उताऱ्यात सरळ सापडते. दुसरीत लेखकाने न लिहिलेले, पण सुचवलेले ओळखायचे असते. तिसरीत स्वतःचे मत मांडायचे असते. नंतर व्याकरण आणि शब्दसंपत्ती. जुळवाजुळव करणारा विद्यार्थी पहिली कृती करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कृतीपाशी पेन चावत बसतो.

आता अडचण नेमकी कोठे येते ते पाहू. बहुतेक विद्यार्थी म्हणतात, "सर, शब्द येत नाहीत." ते काही अंशी खरे आहे. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे मोठे शब्द जितके अडवतात, त्यापेक्षा लहान शब्द जास्त फसवतात.

पहिली अडचण वाक्याच्या ठेवणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा शेवटी येतो. 'मी उद्या गावाला जाणार नाही' हे वाक्य संपेपर्यंत आपण कान देऊन ऐकतो, कारण निकाल शेवटी लागतो. इंग्रजीत 'नॉट' लवकर येते. आपल्याला वाटते निकाल लागला, आणि आपण लक्ष काढून घेतो. पण इंग्रजी वाक्याची अट पुष्कळदा शेपटाकडे असते. माझ्या विद्यार्थिनीचे झाले ते हेच. म्हणून पूर्णविराम दिसेपर्यंत अर्थ ठरवू नका.

दुसरी अडचण जोडशब्दांची. 'बट', 'दो', 'अनलेस', 'अन्टिल', 'ओन्ली', 'हाउएव्हर', 'इन्स्टेड'. यांचे अर्थ सर्वांना पाठ असतात, पण वाचताना आपण त्यांच्यावरून उडी मारतो. रेल्वेच्या रुळांवर सांधा बदलतो तिथे गाडी वेगळ्या मार्गाला लागते. हे शब्द म्हणजे वाक्यातले सांधे आहेत. सुरुवातीचे दोन महिने उताऱ्यातल्या अशा प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढा.

तिसरी अडचण सर्वनामांची. मराठीत 'तो', 'ती', 'ते' आणि क्रियापदाचे रूप मिळून कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते सांगतात. इंग्रजीतले 'दे' ना पुरुष सांगते ना स्त्री, ना माणसे ना वस्तू. 'इट' आणि 'धिस' तर कधी कधी मागच्या संपूर्ण वाक्याकडे बोट दाखवतात. म्हणून असे सर्वनाम आले की थांबा, त्यापासून मागे बाण काढा आणि 'हा कोण?' असे स्वतःला विचारा.

आता सरावासाठी काय वाचावे? बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे लहानसे लेखन तुमच्यापैकी अनेकांनी मराठीतून ऐकले असेल. मूळ लेखन इंग्रजीत आहे आणि ती इंग्रजी साधी, सरळ आहे. महाराष्ट्र शासनाने 1993 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या 12 व्या खंडात ते आहे. त्यातला 1901 सालचा पहिला प्रसंग घ्या. साताऱ्याहून मुले वडिलांच्या नोकरीच्या गावी निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. त्यांना न्यायला कोणी आलेले नसते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलते. कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी तोडगा निघतो तो असा की, मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे.

आता यावर दोन प्रकारचे प्रश्न विचारा. 'मुले कोणत्या स्टेशनवर उतरली?' याचे उत्तर ओळीत सापडेल. पण 'भाडे दुप्पट मिळत असताना गाडीवान स्वतःच्याच गाडीत का बसला नाही?' याचे उत्तर देण्यासाठी त्या काळचा समाज समजावा लागतो आणि गाडीवानाच्या मनात शिरावे लागते. पुढे रात्री टोलनाक्यावर मुलांजवळ जेवण असते, तरी ती उपाशी झोपतात, कारण पाणी मिळत नाही. 'अन्न असूनही उपाशी' यातल्या 'असूनही'वर बोट ठेवा. तिथे इंग्रजीतला 'दो' हा शब्द कळतो आणि आपला इतिहासही कळतो. आणखी एक. वडील स्टेशनवर का आले नाहीत? मुलांनी पत्र पाठवले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. न पोचलेल्या एका पत्राने एवढे भोगावे लागले. पोचलेले पण न समजलेले पत्रही तेवढेच नुकसान करते, हे मी मघाशी सांगितलेच आहे.

रोजच्या सरावाची पद्धत सांगतो. वेळ फक्त वीस मिनिटे, पण रोज.

पहिले, योग्य उतारा निवडा. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर 2000 साली दाखवून दिले की, कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे 50 शब्दांत एखादाच अनोळखी. ज्या पानावर ओळीओळीला अडखळायला होते ते पान आज बाजूला ठेवा, सोपे घ्या. आठवीचे पुस्तक घेण्यात कमीपणा नाही.

दुसरे, प्रश्न न पाहता उतारा एकदा सलग वाचा. शब्दकोश मिटलेला ठेवा. अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडा.

तिसरे, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा. जोडशब्दांना गोल, सर्वनामांना बाण.

चौथे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, पुस्तक मिटून उतारा मराठीत सांगा. शब्दशः भाषांतर नको. शेजाऱ्याला बातमी सांगतो तसे सांगा : कोण, काय, का, आणि शेवटी काय झाले. जिथे तुम्ही अडखळाल तिथेच तुम्हाला समजलेले नाही. ती जागा पुन्हा वाचा.

पाचवे, आता शब्दकोश उघडा. तीन-चारच शब्द वहीत लिहा, पण उताऱ्यातल्या वाक्यासह लिहा. नंतर त्या उताऱ्यावर एक प्रश्न स्वतः तयार करा, ज्याचे उत्तर एका ओळीत सापडणार नाही. ज्याला प्रश्न काढता येतो त्याला उत्तर अवघड जात नाही.

ही वाट नवी नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला होते. बंगालमधल्या मुलांना पाहून त्यांनी 1926 सालच्या ग्रंथात मांडले की, या मुलांना इंग्रजीतली सर्वांत मोठी गरज वाचून समजण्याची आहे. मग त्यांनी मोजक्या शब्दांची, नवे शब्द बेताबेताने आणणारी वाचनमाला तयार केली. पुढे 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत वेगळा प्रयोग केला. मुलांपुढे नकाशे आणि वेळापत्रके ठेवली आणि त्यांवरून उकलायची कामे दिली. मुले अर्थाच्या मागे लागली आणि त्या ओघात भाषा शिकली. आपल्यालाही हे करता येईल. रेल्वेचे वेळापत्रक, औषधाच्या खोक्यातला कागद, बँकेची सूचना, परीक्षेच्या अर्जामागचे नियम, हे सारे उतारेच आहेत.

आता दोन शब्द पालकांसाठी. माता-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?" पण वरची चौथी पायरी तुमच्यावाचून पुरी होत नाही. रात्री जेवणानंतर मुलाला विचारा, "आज काय वाचलेस ते मला मराठीत सांग." तुम्हाला कळले तर त्याला कळले. तुम्हाला कळले नाही तर त्याला पुन्हा वाचायला सांगा. यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही, दहा मिनिटे ऐकण्याची गरज आहे.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. हे सभागृह संध्याकाळी बंद असते. आठवड्यातून दोन दिवस एक तास ते वाचनासाठी उघडे ठेवा. दहा मुले, एक उतारा, एक फळा. एकाने वाचावे, दुसऱ्याने मराठीत सांगावे, तिसऱ्याने हरकत घ्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. पहिले सहा महिने मी स्वतः येईन, हा शब्द देतो.

मित्रांनो, आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठे उठवले. त्यांचा इलाज नव्हता. आपण शाळा शिकलो, सही करायला लागलो. पण न समजलेल्या कागदावर केलेली सही आणि तो अंगठा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. ते अंतर तुम्ही निर्माण करायचे आहे.

त्या मुलीने पुढच्या वर्षी नव्याने अर्ज केला. पाठवण्यापूर्वी तो घेऊन ती माझ्याकडे आली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "सर, तुम्ही वाचू नका. मी सांगते, तुम्ही ऐका." तिने एकेक अट मराठीत सांगितली. एकही चुकली नाही. मी तो कागद हातात न घेताच तिला परत पाठवले.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम.