तोंडावरची मुरमे : हसण्यावारी नेऊ नका



कांद्यावरचा करपा आणि भातावरचा कडाकरपा यांवर बोलणारा कृषी विस्तार अधिकारी आज मुरमांवर काय बोलणार, असे आपणास वाटेल. पण खेड-मावळात गावोगाव बैठका घेताना नेहमीचा अनुभव असा की, बैठक उठली तरी एखादी माउली मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "साहेब, पोराच्या तोंडावर लई फोड आलेत, काही औषध सांगा की." मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न घराघरांत आहे आणि त्यावर भलतेच उपाय चालू आहेत, म्हणून आज चार गोष्टी सांगतो.

आपल्या कातडीत केसांच्या मुळांशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्या जास्त तेल सोडू लागतात. त्यातच मेलेल्या पेशींनी छिद्राचे तोंड बुजते. चारीचे तोंड गाळाने बुजले की पाणी मागे तुंबते ना, तसेच हे. तुंबलेल्या तेलात, एरवी कातडीवर राहणारेच जंतू वाढतात, सूज येते, पू धरतो. म्हणजे हा अस्वच्छपणाचा रोग नव्हे आणि कुणाच्या वागणुकीचा तर मुळीच नव्हे. दिवसातून दहादा साबणाने तोंड घासून मुरमे जात नाहीत, उलट कातडी सोलवटते. सौम्य साबणाने दोन वेळा धुणे पुरे. डोक्याला थापलेले तेल कपाळावर ओघळू देऊ नये, आणि मुरूम फोडू नये. फोडलेल्या मुरमाचा खड्डा जन्मभर राहू शकतो.

आता आपल्या भागाची गोष्ट. भोसरी, तळवडे, महाळुंगे, निघोजे इथल्या कारखान्यांत शेतकऱ्यांघरची पोरे मशिनवर कामाला आहेत. कटिंग ऑइलने भिजलेली पँट पाळीभर मांडीला चिकटून राहिली की मांड्यांवर आणि हातांवर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या उठतात. ही तेलाची मुरमे. तोंड स्वच्छ आणि मांड्या भरलेल्या, ही त्यांची खूण. पाण्यात मिसळायच्या कूलंटने मात्र बहुधा हात लाल होतात, भेगाळतात. तो प्रकार वेगळा, त्यावर मुरमांचे औषध चोळले तर आग होईल. एप्रन वापरावा, तेलकट कपडे रोज बदलावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. तेल पुसलेला बोळा खिशात कोंबायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडावी. हातांचे तेल काढायला थिनर किंवा रॉकेल वापरू नये. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासूनही मुरमे वाढतात. पट्टा धुवा, पण हेल्मेट सोडू नका, पुणे-नाशिक रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको!

सर्वांत जास्त नुकसान करते ती दुकानातून मागून आणलेली ट्यूब. कुणीतरी सांगते, अमक्या मलमाने आठ दिवसांत चेहरा उजळतो. उजळतोही. कारण त्यात बहुधा क्लोबेटॅसॉल किंवा बीटामेथॅसोनसारखे स्टेरॉइड असते. युरियाचा जादा हप्ता दिला की पीक चार दिवस काळेभोर दिसते, मग लोळते आणि रोगाला बळी पडते, तशीच ही गत. कातडी पातळ होते, तोंड लाल होते, मुलींच्या तोंडावर लव वाढते, मुरमे दुप्पट होतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ पासून अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे.

आणखी एक प्रकार. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. डाळिंबाच्या तेल्यावर आपण फवारत होतो ते स्ट्रेप्टोसायक्लिन तिथलेच. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. टेट्रासायक्लिनच्या जातीतल्या गोळ्या डॉक्टर मुरमांवरही देतात. पण म्हणून घरात उरलेली शेतीची पुडी तोंडाला चोळणे हा निव्वळ वेडेपणा आहे. जंतू अशा औषधांना दाद देईनासे होऊ नयेत म्हणून तर १ जानेवारी २०२४ पासून या मिश्रणाचा शेतीतला वापर बंद झाला आहे. तोच नियम माणसाला. अँटिबायोटिकची गोळी ठरलेल्या दिवसांपुरती, आणि डॉक्टर देतील तेव्हाच.

खरा इलाज सावकाश चालतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडॅपॅलीन अशी लावायची औषधे असतात. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, टॉवेलचा रंगही उडतो, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आज पेरले आणि उद्या कापले, असे होत नाही. फार जोराच्या मुरमांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या गर्भाला घातक आहेत, म्हणून घरातल्या एकीच्या गोळ्या दुसरीने कधीही घेऊ नयेत. मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "लग्न झालं की जातील." तोवर पोराचे काय होते ते बघा. सप्ताहात पखवाज वाजवणारा मुलगा मागच्या रांगेत जाऊन बसतो. धुळीसाठी बांधलेला स्कार्फ मुलगी वर्गातही सोडत नाही. पाहुणे बघायला येणार म्हटले की जेवण जात नाही. अशा वेळी चेष्टा आगीत तेल ओतते. पोर अबोल झाले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा, किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जा. कामगार विम्याचे कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरचे रुग्णालय आहे. आमच्याकडे येताना जसे रोगट पान घेऊन येता, तशा आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, आणि कारखान्यात कोणते तेल वापरतात त्याचे नाव डब्यावरून लिहून घ्या.